पाय कोणी धरले होते

माझ्या बेंबीभोवती बिब्ब्याचे डाग आहेत. काळपट, जरासे खोलगट, माझ्याबरोबर वाढत वाढत आता चांगले वाटाण्याएवढे झालेले. मी काही महिन्यांची असताना माझं पोट फुगून टम्म झालं, दूध टिकेना, तेव्हा परभणीकडच्या आमच्या गावात सगळ्यांच्या लेकरांना जे करायचे तेच मलाही केलं. बिब्बा दिव्यावर धरायचा, सुईनं टोचायचा, तेल सुटलं की ती सुई पोटावर टेकवायची. कातडी जळते, फोड येतो, खपली धरते. लेकरू बरं होतं किंवा होत नाही. मी झाले. बिब्ब्यानं झाले की होणारच होते, ते आता कोण सांगणार?

पण त्या डागांनी मला आयुष्यभर वैताग दिला, हे मात्र मी सांगू शकते. पुण्याला हॉस्टेलवर एका पोरीनं भोळेपणानं विचारलं, "सिगारेटचे चटके आहेत का गं?" आणि जेवणाच्या घंटेपर्यंत अख्ख्या मजल्यावर झालं, की परभणीच्या मुलीला घरी छळतात. तेव्हापासून माझी साडी बेंबीच्या वर. सिंगापूरला आल्यावर तर आणखी पंचाईत. आमच्या मराठी मंडळींचे वाढदिवस कुणाच्या ना कुणाच्या कॉन्डोच्या पूलवर होतात, सगळ्या जणी मस्त पाण्यात उतरतात, आणि मी काठावर टॉवेल आणि चपला राखत बसते. "मला पाण्याची भीती वाटते," म्हणून सांगते. गोदावरीकाठी वाढलेली बाई मी, आणि म्हणे पाण्याची भीती!

राग काढायला एक माणूस होतं, ते बरं होतं. बाबांची आई. "तुझ्या आजीनं दिले गं डाग, मी नको नको म्हणत होते," असं आई सांगायची. मी नीट बोलायला लागायच्या आतच आजी वारली, त्यामुळे तिच्यावर कितीही चिडलं तरी कुणाला लागायचं नाही. मी मनसोक्त चिडायचे.

आम्ही टॅम्पिनीसला राहतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी एका बँकेच्या अकाउंट्समध्ये, आणि दहा वर्षांची एक लेक, जिला मराठी सगळं कळतं पण तोंडातून इंग्रजीच येतं. आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून, दीडेक वर्षापूर्वी एक नायजेरियन कुटुंब भाड्यानं राहायला आलं. नवरा जहाजांच्या दुरुस्तीतला इंजिनिअर, रोज MRT मेट्रोनं जुरोंग ईस्ट आणि तिथून आणखी पुढे जायचा, कधीकधी कामासाठी आठवडाभर बाहेरच असायचा. बायको त्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर, म्हणून घरी. त्यांची सात वर्षांची मुलगी, आणि इथेच झालेलं एक बाळ. बाई माझ्यापेक्षा लहान, उंच, आवाज खणखणीत. कॉरिडॉरमध्ये फोनवर बोलायला लागली की मला वाटायचं भांडण पेटलं, आणि दार उघडून बघावं तर ही हसतेय.

आमची दोस्ती तिखटावरून झाली. इथल्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवरचं तिखटसुद्धा गोडच लागतं, यावर आमचं लिफ्टमध्ये एकमत झालं, आणि मी तिला घरचा मिरचीचा ठेचा दिला. तिनं तो नुसता चाटून खाल्ला आणि वर विचारलं, "हे लहान मुलांसाठी आहे का?" अशी बाई. आवडणारच ना!

एका रविवारी ती बाळाला घेऊन आमच्याकडे बसली होती आणि गावाहून आईचा व्हिडिओ कॉल आला. लेकीनं फोन फिरवून आजीला बाळ दाखवलं. आई खूश. "कित्ती गोड लेकरू गं! पण हात-गळा मोकळा हाय की. एखादा डाग तरी घाला म्हणावं त्याला."

आता मराठीत हा शब्द मोठा घात करतो. डाग कपड्यावर पडतो, डाग चटक्याचा असतो, आणि आमच्या आईच्या पिढीला डाग म्हणजे दागिना. ती बिचारी सोन्याचा बदाम नाहीतर चांदीचं कडं म्हणत होती. पण माझ्या लेकीनं आयुष्यात हा शब्द एकाच ठिकाणी ऐकलेला, माझ्या पोटापाशी. तिनं शेजारणीला झटकन भाषांतर करून दिलं, "आँटी, माय ग्रँडमा सेज बेबी सो क्यूट, बट नो स्कार. मस्ट पुट वन स्कार, लाह."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी ओरडलेच, "अगं कार्टे, दागिना! दागिना!" पण शेजारीण हसली नाही, रागावलीही नाही. तिनं बाळाला जवळ ओढलं आणि अगदी हळू विचारलं, "तुमच्यातही करतात?"

मग मी तिला बिब्बा समजावून सांगितला. फोनवर आई "काय झालं गं, काय म्हणायल्यात त्या?" करत होती, तिला नंतर फोन करते म्हणून बंद केलं. शेजारणीनं ब्लाऊजचा गळा दोन बोटं खाली ओढला. छातीच्या हाडाखाली बारीक उभ्या रेघा, शेजारी शेजारी, कातडीपेक्षा गडद. मीही कुर्ता वर केला. लेक म्हणाली, "ओ माय गॉड, यू टू," आणि आत निघून गेली.

ती एदो लोकांतली, नायजेरियातल्याच बेनिन शहराकडची. तिच्या आजोबांच्या पिढीपर्यंत अंगावर मोठ्या रेघा काढायचे, त्याला ते इवू म्हणतात. त्या बघून माणूस कुठला ते कळायचं. ती पद्धत आता गेली. पण आजारी लेकराच्या अंगावर काढायच्या रेघा वेगळ्या, त्या कुठे कुठे अजून टिकून आहेत. ब्लेडनं अगदी वरवर चिरायचं आणि जाळलेल्या पाल्याची काळी पूड त्यात चोळायची. तिच्या अंगावर आहेत. आणि तिच्या मुलीच्याही. मुलगी वर्षाची असताना तापात फिट्स आल्या, तेव्हाच्या. "पण तिला मी सांगते, तू जन्मलीसच अशी," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर सांगायचं नाही, असंही सांगून ठेवलंय. इथे लोकांना काय समजणार?"

मला ते पटलं. मी तरी कुठे सांगत होते?

काही आठवडे गेले. एके दुपारी मी घरूनच काम करत होते, आणि दारावर थापा पडायला लागल्या. शेजारीण उभी, कडेवर बाळ, पायात चप्पल नाही. शाळेतून फोन आला होता. खेळाच्या तासाला कपडे बदलताना बाईंना मुलीच्या छातीवरच्या रेघा दिसल्या. त्यांनी विचारलं, हे काय? मुलगी म्हणाली, "मम्मीनं सांगायचं नाही म्हणून सांगितलंय." आता शाळेतल्या समुपदेशक बाईंनी दोन दिवसांनी भेटायला बोलावलं होतं.

"माझी मुलगी काढून घेतील का?" तिनं विचारलं. तिचा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता देव जाणे. "पोलिसांना कळवतील? पास रद्द करतील?"

"छे! काहीतरीच काय," मी म्हणाले. मला तरी काय माहीत होतं? पण ठामपणे बोलायची मला सवय आहे. तिचा नवरा नेमका कामावर बाहेर होता, चार दिवस येणार नव्हता. मग मीच म्हणाले, मी येते बरोबर. बाळाला घ्यायला कोणीतरी हवंच.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जा, पण मध्येच बोलून बिब्बा घालू नकोस म्हणजे झालं." बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं आणि आम्ही दोघंही हसलो. पण आतून मी घाबरले होते. त्या बाईचं सगळं त्या एका भेटीवर होतं.

मी आईला फोन केला. सल्ला घ्यायला नाही, नुसतं बोलायला. सगळं ऐकून आई चटकन म्हणाली, "सासूवर ढकलून दे म्हणावं. सासूनं केलं म्हणायचं, मला न सांगता केलं म्हणायचं. संपलं. मी नाही का ढकललं?"

"काय ढकललंस?"

मला वाटलं नेटवर्क गेलं. मग आई म्हणाली, "आता काय लपवायचं, बाई. तुला बिब्बा द्यायला मीच नेलं होतं. तुझी आजी तर नको म्हणत होती. एवढंसं लेकरू, सोसायचं नाही म्हणत होती. मीच ऐकलं नाही. तुझे पाय मी धरले होते."

"आणि इतकी वर्षं तू मला—"

"तू शाळेत होतीस. आरशापुढं उभी राहून रडायलीस, आणि विचारलंस, कोणी केलं हे? तुझं तोंड बघून माझ्या तोंडातून निघून गेलं, आजीनं. एकदा निघालं ते निघालं. ती बिचारी काय वरून सांगायला येणार होती?"

मी फोन ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. संताप संताप झाला माझा. डागांचा नाही, तो तर जुना होता. माझ्या आजीची मी जन्मभर बदनामी केली, मैत्रिणींना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, लेकीला सांगितलं, आणि ती एकटीच माझ्या बाजूनं बोलत होती! दोन दिवस मी आईचा फोन घेतला नाही.

आणि गंमत बघा, एवढं होऊनही शेजारणीला मी सल्ला तोच दिला. कारण सल्ला कामाचा होता. "सासूनं केलं म्हण," मी म्हणाले. "तू घरी नव्हतीस म्हण. कोण जाणार आहे बेनिनला विचारायला?" त्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "तुमच्याकडेही सासूच?" मी म्हटलं, "आमच्याकडे तर आधी सासूच." ठरलं. दोन-तीनदा तिनं ते वाक्य माझ्यासमोर म्हणूनही पाहिलं.

शाळेतली ती खोली छोटीशी, थंडगार. समुपदेशक बाई आमच्याच वयाच्या, आखूड केसांच्या, बोलायला मऊ. मऊ बोलणाऱ्या माणसांची मला जास्त धास्ती वाटते. मुलगी बाहेर बाकावर चित्र काढत बसली होती, बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं. बाई म्हणाल्या, "तुम्हाला दोष द्यायला बोलावलेलं नाही. पण मला विचारावं लागेल. हे कोणी केलं?"

शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं खूण केली, म्हण. पण ती खाली मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मला राहवेना, मीच सुरू केलं, "त्याचं काय आहे, त्यांच्याकडे घरातल्या मोठ्या बायका—"

"मी केलं," ती म्हणाली.

बाळाला मी उगाचच घट्ट धरलं.

"ब्लेड एका म्हातारीच्या हातात होतं," ती सांगायला लागली. "पण तिच्याकडे घेऊन मी गेले. माझी सासू त्या घरात नव्हतीच. नवरा कामावर दूर होता. दोन दिवस पाऊस, आमच्या भागातले रस्ते पाण्याखाली, जवळचा दवाखाना बंद. मुलीला ताप होता, आणि मग तिचे डोळे वर गेले, हातपाय ताठ. एकदा झालं, पुन्हा झालं. मग ती नुसती पडून राहिली. रडेना, बघेना. मी तिला पाठीला बांधलं आणि पाण्यातून चालत गेले. म्हातारीनं सांगितलं, घट्ट धर, हलली तर जास्त कापेल. मी धरलं. माझ्या दोन्ही हातांनी धरलं."

बाईंनी विचारलं, "त्यानं बरी झाली असं तुम्हाला वाटतं?"

"मला माहीत नाही. पाणी ओसरल्यावर आम्ही दवाखान्यात गेलो, तिथे औषध दिलं. कशानं बरी झाली ते देवाला माहीत."

"आणि या बाळाला ताप आला तर?"

हा खरा प्रश्न होता. आता तरी नीट बोल गं बाई, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

"इथे खाली उतरलं की दवाखाना आहे," ती म्हणाली. "इथे ब्लेड कशाला लागेल? पण त्या दिवशी, त्या जागी, पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा धरीन. तुम्हाला खोटं सांगायचं ठरवून आले होते. पण खोटं सांगितलं तर तिला पाण्यातून कोण घेऊन गेलं होतं?"

समुपदेशक बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, "मुलीला डॉक्टरांना एकदा दाखवा, आणि बाळाला ताप आला तर काय करायचं तेही त्यांच्याकडून समजून घ्या. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. खरं सांगू? मला रेघांची एवढी काळजी नव्हती, त्या जुन्या आहेत हे दिसतंच. मला काळजी होती 'सांगायचं नाही' याची. उद्या खरंच कोणी तिला काही केलं, आणि ती हेच वाक्य म्हणून गप्प बसली तर? तिला काय झालं होतं ते तुम्ही तिला सांगा. तुमच्या तोंडून."

म्हणजे ना पोलीस, ना पास, ना काही. मी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की बाळ जागं झालं आणि त्यानं भोकाड पसरलं. पण शेजारणीचा चेहरा मोकळा झालेला नव्हता. शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना ती मला म्हणाली, "हिला सांगण्यापेक्षा पोलिसांना सांगणं सोपं होतं."

"नंतर सांग की, घाई काय आहे?" मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं. सांगायला उशीर झाला म्हणून काही कोणी मरत नाही, आमच्या घरात तर चाळीस वर्षं लागली. ती मुलीचा हात धरून भराभर चालत राहिली. आमच्या बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकला, दगडी टेबलं आणि बसायला गोल दगड आहेत. दोन म्हातारे तिथे नेहमीसारखे पट मांडून बसले होते. त्यांच्यापासून लांबचं टेबल बघून ती बसली आणि मुलीला समोर उभी केली. मी बाळाला घेऊन पुढे निघाले तर म्हणाली, "तू थांब."

तिनं सांगितलं. इंग्रजीतच सांगितलं, मुलीला आता तेच जास्त येतं. पाऊस, पाणी, डोळे वर गेले, म्हातारी, ब्लेड. काही गाळलं नाही. "तू तशी जन्मली नव्हतीस," ती म्हणाली. "मी तुला खोटं सांगितलं. तुला कापलं तेव्हा तुला घट्ट धरून ठेवणारी मी होते."

मुलीनं गणवेशावरून छातीला हात लावला. "दुखलं का मला?"

"हो. खूप."

"मी रडले?"

"किंचाळलीस. आख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. दोन दिवस तू आवाजच केला नव्हतास. तू किंचाळलीस आणि मी हसायला लागले. लोकांना वाटलं, हिला वेड लागलं."

मुलीच्या कपाळावर आठी आली. "मला दुखत होतं, आणि तू हसलीस?"

समुपदेशक बाईंसमोर जी डगमगली नव्हती ती बाई तिथे दगडावर बसून ढसाढसा रडायला लागली. पट खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या आणि सभ्यपणे पुन्हा खाली घातल्या. माझेही डोळे भरून आले, आणि खरं सांगते, मला हेवा वाटला. त्या आईचा वाटला की त्या मुलीचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आरशापुढे रडणाऱ्या मला कुणी असं समोर बसवून सांगितलं असतं, तर मी चिडले असते, पण ज्याच्यावर चिडायचं त्याच्यावर चिडले असते.

"तू रागावलीस माझ्यावर?" तिनं मुलीला विचारलं.

मुलीनं नीट विचार केला. "लिटल बिट," ती म्हणाली. मग जवळ आली आणि दोन्ही हात वर केले. "आता उचल."

सात वर्षांची, हाडापेरानं आईवर गेलेली पोर. तिचे पाय पार आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. पण तिनं उचललं, आणि लिफ्ट येईपर्यंत खाली ठेवलं नाही. मी दप्तर आणि बाळ घेऊन मागे उभी होते.